तालावर अंडी घालणाऱ्या कोंबड्या

ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात ठाण्याला मासुंदा तलावाच्या बाजूने गेलात तर बेकऱ्यांच्या काचेच्या कपाटांकडे अवश्य पाहा. एरवी तेथे पाव, बटर, खारी आणि केक असतात. त्या आठवड्यात मात्र चॉकलेटची आणि मार्झिपॅनची रंगीत अंडी मांडलेली दिसतात. मार्झिपॅन म्हणजे बदामाच्या किंवा काजूच्या पिठात साखर घालून केलेला मऊ गोळा. एखाद्या अंड्यातून साखरेचे पिवळे पिल्लू डोके बाहेर काढून बसलेले असते. तलावाकाठी सेंट जॉन बाप्टिस्टचे जुने चर्च आहे आणि ठाण्याच्या ख्रिस्ती वस्तीत पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारी घरे आहेत, त्यामुळे ईस्टरचे अंडे ही ठाणेकरांना काही परकी वस्तू नव्हे.

याच अंड्यांचे निमित्त करून मी आठवीच्या वर्गाला एक जुना कार्टूनपट दाखवला. वॉल्ट डिस्नेच्या चित्रगृहाने तो 1934च्या मार्च महिन्यात, त्या वर्षीच्या ईस्टरच्या तोंडावर पडद्यावर आणला. नाव ‘फनी लिटल बनीज’, दिग्दर्शक विल्फ्रेड जॅक्सन, लांबी सुमारे सात मिनिटे. ईस्टरच्या तयारीला लागलेले ससे त्यात अंडी रंगवतात, चॉकलेट घडवतात. आणि त्यांना अंडी पुरवायला कोंबड्या आहेत. या कोंबड्या नुसत्या कलकलत नाहीत, त्यांचा कलकलाट वाद्यांच्या तालात बसवलेला आहे. वर्ग अर्थातच खूश झाला. मागच्या बाकांवरून टाळ्यांचा ठेकाही सुरू झाला.

चित्रपट संपला आणि कल्याण-शीळ रस्त्याच्या बाजूच्या एका गावातून शाळेत येणारी मुलगी उभी राहिली. म्हणाली, “बाई, हे खोटं आहे. कोंबडी अशी गाण्यावर अंडं घालत नाही. आणि ती ओरडते ती अंडं घातल्यावर, आधी नाही. आमच्याकडे सात कोंबड्या आहेत.”

वर्ग हसला. एकजण म्हणाला, “अगं, कार्टून आहे ते!” ती खाली बसली, पण तिचे समाधान झाले नव्हते, आणि माझेही. कार्टून आहे म्हणून त्यात काहीही चालते हे खरे. परंतु कोंबडीच्या तोंडी ताल बसवणाऱ्यांनी तो कसा बसवला, आणि खरी कोंबडी काय करते, हे दोन प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगे नव्हते. पुढचे चार-पाच तास आम्ही त्यांवरच घालवले. वेळापत्रकाप्रमाणे ‘ध्वनी’ हा धडा चालू होता, तेव्हा फारसे बिघडले नाही.

प्रथम तालाचे पाहू. बोलपट पडद्यावर दर सेकंदाला 24 स्थिरचित्रे दाखवतो. यातले एकही चित्र हलत नाही. हालचाल आपल्या मेंदूत घडते. जुन्या पाठ्यपुस्तकांत याचे कारण ‘दृष्टिसातत्य’, म्हणजे डोळ्यावर प्रतिमा क्षणभर टिकून राहणे, असे दिलेले असते. ते अपुरे आहे. प्रतिमा नुसत्या टिकून राहिल्या असत्या तर एकीवर एक चढून गिचमीड झाली असती. मॅक्स वेर्थायमर या मानसशास्त्रज्ञाने 1912 साली दाखवले, की दोन जागी एकापाठोपाठ दिसलेल्या दोन रेषा मेंदू ‘एकच रेषा सरकली’ अशा अर्थाने वाचतो. चित्रपट मेंदूच्या या सवयीवर उभा आहे.

आता सेकंदाला 24 म्हणजे मिनिटाला 1440 चित्रे. संगीताची लय मिनिटाला 120 मात्रांची धरली तर एका मात्रेच्या वाट्याला 1440 भागिले 120, म्हणजे बरोबर 12 चित्रे येतात. कोंबडीची मान पहिल्या चित्रात वर आणि सातव्या चित्रात खाली काढली, की तेराव्या चित्राला ती पुन्हा वर येईल आणि नेमकी त्याच वेळी पुढची मात्रा पडेल. तुमच्यापैकी जे तबला शिकत असतील त्यांनी हे तीनतालात मांडून पाहावे. 16 मात्रा गुणिले 12, म्हणजे एका आवर्तनाला 192 चित्रे, आठ सेकंद. समेला पहिले चित्र, खालीला सत्त्याण्णवावे.

लय मिनिटाला 100 मात्रांची घेतली तर? एका मात्रेला 14.4 चित्रे येतात. चित्राचा 0.4 भाग कसा काढणार? म्हणून कार्टून करणारे लयच अशी निवडत, की 1440ला भाग पूर्ण जाईल. 90च्या लयीला 16 चित्रे, 144च्या लयीला 10, 180च्या लयीला 8. ज्या गवयाला वाटते की लय आपण मनाने धरतो, त्याला कार्टूनच्या खोलीत अवयव पाडायला बसावे लागले असते!

ही युक्ती रुळवण्यात याच विल्फ्रेड जॅक्सनचा मोठा वाटा होता. 1928 साली मिकी माऊसचा ‘स्टीमबोट विली’ हा बोलपट करायचे ठरले, तेव्हा डिस्नेच्या मंडळींत संगीत जाणणारे कोणी नव्हते. जॅक्सन बाजाची पेटी नव्हे, तोंडाने वाजवायचा माउथ-ऑर्गन वाजवी. त्याची आई संगीत शिकवीत असे, त्यामुळे ठोके मोजणारे मेट्रोनोम यंत्र त्याच्या ओळखीचे होते. अमुक ठोक्याला अमुक चित्रे हा हिशोब त्याने मांडला. मग आधी संगीताचा तक्ता आणि त्यावरून चित्रांचा तक्ता अशी पद्धत पडली. भातखंड्यांच्या स्वरलिपीत जशा मात्रांखाली खुणा असतात, तसाच हा तक्ता; फक्त स्वरांच्या जागी ‘पंख वर’, ‘चोच उघडी’, ‘अंडे टुणकन’ असे लिहिलेले. सात मिनिटांच्या चित्रपटाला 10,080 चित्रे लागतात. पुष्कळदा एकच रेखाटन दोनदा टिपतात, तरी 5,040 रेखाटने हाताने काढायची राहतातच. वर्गातल्या हसणाऱ्या मुलाला मी हा आकडा फळ्यावर लिहायला लावला.

जुन्या फिल्मची आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. फिल्मच्या कडेला ध्वनीची नागमोडी पट्टी छापलेली असते. चित्रासमोर फिल्म थांबत-थांबत, झटक्याने सरकते. आवाज मात्र अखंड आणि संथ गतीनेच वाचावा लागतो. त्यामुळे चित्र दाखवणारे भिंग आणि आवाज वाचणारा दिवा यंत्रात एकाच जागी ठेवता येत नाहीत. 35 मिलिमीटरच्या फिल्मवर एखाद्या चित्राचा आवाज त्या चित्रापासून सुमारे 20 चित्रे अंतरावर छापतात. वीस चित्रे म्हणजे 0.83 सेकंद. हे अंतर विसरून फिल्म जोडली, तर कोंबडी चोच मिटून गप्प बसल्यावर तिचा आवाज येईल, किंवा तिने तोंड उघडण्याच्या आधीच.

0.83 सेकंद म्हणजे किती, हे आपल्याकडे रेल्वेच्या फलाटावर समजते. आपल्या हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे 345 मीटर जातो. बारा डब्यांची लोकल साधारण 250 मीटर लांब असते. डोंबिवलीच्या फलाटाच्या एका टोकाला उभे राहा. गाडीच्या दुसऱ्या टोकाचा भोंगा तुमच्यापर्यंत यायला 250 भागिले 345, म्हणजे 0.72 सेकंद लागतात. चित्रपटाच्या भाषेत सतरा चित्रे उशीर! चित्रपटगृहातही हेच घडते. एका चित्राच्या वेळात ध्वनी 14.4 मीटर जातो, म्हणून पडद्यापासून तेवढ्या अंतरावर बसलेल्याला कोंबडीचा आवाज एक चित्र उशिराच ऐकू येतो. त्याला ते कळत नाही. निसर्गात आवाज नेहमी दृश्याच्या मागून येतो. धोबी कपडे आपटतो ते आधी दिसते, मग ऐकू येते. त्या सवयीमुळे आवाज जरासा मागे राहिला तर आपण चालवून घेतो. पण तो पुढे धावला की लगेच खटकते.

मग या कोंबड्यांना आवाज कोणी दिला? कोंबडीला नव्हे, माणसांना ते काम करावे लागले. डिस्नेच्या त्या काळच्या बोलपटांत फ्लॉरेन्स गिल नावाच्या गायिका होत्या. कोंबडीच्या कॉक्-कॉक्‌मध्ये पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत गाण्यात त्यांचा हातखंडा होता. 1934च्याच ‘ऑर्फन्स बेनिफिट’ या कार्टूनमध्ये क्लॅरा क्लक नावाची कोंबडी पहिल्यांदा रंगमंचावर येऊन गाते. तो आवाज त्यांचाच. एकही शब्द न उच्चारता सारे गाणे कलकलाटात.

येथे शरीरशास्त्र आड येते. आपले स्वरयंत्र श्वासनलिकेच्या वरच्या टोकाला, घशाशी असते. पक्ष्यांचे ध्वनी काढणारे इंद्रिय खालच्या टोकाला, जेथे श्वासनलिकेला दोन फाटे फुटून ती फुप्फुसांकडे जाते तेथे असते. त्याला सिरिंक्स म्हणतात. कोकीळ, दयाळ, कोंबडी, सर्वांना ते आहे. पण दयाळासारख्या गाणाऱ्या पक्ष्यांत त्याला लागलेले स्नायू पुष्कळ आणि नाजूक असतात, कोंबडीत ते साधे असते. शिवाय दयाळाचे पिल्लू मोठ्यांचे ऐकून गाणे शिकते. कोंबडी शिकत नाही. मासाकाझू कोनिशी या शास्त्रज्ञाने 1963 साली दाखवले, की लहानपणापासून ऐकू न येणारे कोंबडेसुद्धा मोठेपणी नेहमीसारखेच आवाज काढतात. म्हणजे कोंबडीला वाद्यवृंदाबरोबर बसवून ताल शिकवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तिचा आवाज ती अंड्यातूनच घेऊन येते.

आता अंड्याकडे वळू. चित्रपटातल्या वेगाने, म्हणजे मात्रेला एक अंडे, असे 120च्या लयीत धरले तर अर्ध्या सेकंदाला एक अंडे झाले. खऱ्या कोंबडीला एक अंडे घडवायला सुमारे 25 तास लागतात. पिवळा बलक अंडाशयातून सुटतो, नळीच्या पहिल्या भागात अर्धा तास काढतो, पुढे तीनएक तासांत त्याभोवती पांढऱ्याचे थर चढतात, सव्वा तासात पातळ पापुद्रे बनतात, आणि उरलेले वीस तास एकट्या कवचाला लागतात. कवच म्हणजे जवळजवळ सगळे कॅल्शियम कार्बोनेट, आपल्या खडूचा भाऊ. कोंबडी त्यासाठी लागणारे दोनएक ग्रॅम कॅल्शियम अन्नातून आणि काही अंशी स्वतःच्या हाडांतून काढते. 25 तास म्हणजे 90,000 सेकंद, 1,80,000 मात्रा. तीनतालाची 11,250 आवर्तने व्हावीत तेव्हा कुठे समेवर एक अंडे पडेल.

पण ही दोन टोके जोडणारी युक्ती आपल्याच माणसाने फार पूर्वी केली होती. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्याच्याही आधी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा समोर ठेवून रोज एकेक चित्र टिपले. ती फिल्म दाखवली तेव्हा अंकुर पाहणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत भराभर वर चढला. पुढे 1915 साली त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली. तिच्यात आगपेटीतल्या काड्या एकेक चित्रागणिक हाताने हलवून नाचवल्या होत्या. फाळक्यांची ही रीत अंड्याला लावून पाहा. 90,000 सेकंद भागिले 12 म्हणजे 7,500 सेकंद. दर दोन तास पाच मिनिटांनी एक चित्र टिपले, तर अंडे घडण्याची सगळी क्रिया 12 चित्रांत, म्हणजे नेमक्या एका मात्रेत बसते. हे गणित मुलांनीच काढले. चित्रपटातली कोंबडी मग इतकी खोटी वाटेना.

मराठी मुलुखात पुढे 1930 ते 1940च्या दरम्यान पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने ‘जंबूकाका’ हे कार्टून काढले. त्याची चित्रे रघुनाथ केळकरांची. 1956 साली डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स मुंबईला फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात शिकवायला आले, आणि राम मोहन वगैरे तरुण त्यांच्या हाताखाली तयार झाले. 1974चा ‘एक, अनेक और एकता’ तुमच्या आईवडिलांना आजही आठवत असेल. पारध्याचे जाळे घेऊन उडणारे पक्षी त्यात आहेत. दिग्दर्शन विजया मुळ्यांचे, चित्रे भीमसेन यांची आणि संगीत वसंत देसायांचे. हे वसंत देसाई प्रभातमध्येच घडलेले. त्या पक्ष्यांचे पंख आणि देसायांचा ताल कसा जुळतो ते घड्याळ लावून तपासण्याजोगे आहे.

ईस्टरला अंडीच का, हा प्रश्न मध्येच एका मुलाने काढला. धार्मिक अर्थ असा, की कवच फोडून बाहेर येणारे पिल्लू हे नव्या जीवनाचे चिन्ह. व्यवहारातले कारण असे, की ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासात युरोपात एके काळी अंडीही वर्ज्य होती; कोंबड्या मात्र उपवास करीत नव्हत्या, त्यामुळे अंडी साठत. शिवाय तो वसंत ऋतू. कोंबडीचे अंडे घालणे दिवसाच्या लांबीवर अवलंबून असते. प्रकाश तिच्या डोळ्यांतूनच नव्हे, तर कवटीतून थेट मेंदूपर्यंतही पोहोचतो आणि अंडाशयाला चालना देणारे स्राव सुरू होतात. लंडनला डिसेंबरात दिवस जेमतेम आठ तासांचा, तेव्हा जुन्या काळी गावच्या कोंबड्या अंडी बंद करीत, आणि मार्चमध्ये दिवस मोठा होऊ लागला की पुन्हा धरीत. आपल्याकडे ठाण्याला सर्वांत लहान दिवस सुमारे अकरा तासांचा आणि सर्वांत मोठा सव्वातेरा तासांचा. फरक थोडा, म्हणून आपल्या कोंबड्यांना असा ठळक ‘अंड्यांचा सण’ नाही. कुक्कुटपालनाच्या शेडमध्ये पहाटे आणि रात्री दिवे लावून दिवस सोळा तासांचा करतात, तो याच कारणाने.

राहिला त्या मुलीचा मूळ मुद्दा. अंडे घातल्यावर कोंबडी मोठ्याने कलकलते हे तिचे म्हणणे खरेच होते. रानकोंबडीही तसेच करते. ती का ओरडते यावर शास्त्रज्ञांचे एकमत नाही. कळपापासून दूर गेलेली कोंबडी परत मिळण्यासाठी साद घालते, असे काहींचे मत. शत्रूचे लक्ष घरट्यावरून आपल्याकडे वेधते, असे इतरांचे. पण “आधी नाही” एवढा भाग मला खात्रीचा वाटेना. मी तिला म्हटले, “आठवडाभर कान देऊन ऐक आणि वहीत लिही.”

तिने एक तांबडी कोंबडी निवडली. शाळेच्या वेळेत नोंद कोण ठेवणार? आजी. आजीला घड्याळ पाहायची सवय नाही, म्हणून वहीत वेळा अशा लिहिल्या गेल्या: ‘दूधवाला आला तेव्हा’, ‘नळाचे पाणी गेल्यावर’, ‘भाकऱ्या चालू असताना’, ‘दुपारी डोळा लागला तेव्हा’. पाचव्या दिवशी काहीच नाही. सहाव्या दिवशी पुन्हा ‘दूधवाला आला तेव्हा’. वर्गात वही वाचली आणि मी फळ्यावर 25चा आकडा पुन्हा लिहिला. अंड्याला दिवसापेक्षा तासभर जास्त लागतो, म्हणून कलकलाट रोज तासाभराने पुढे सरकतो. सरकत सरकत दुपार उलटली, की कोंबडी एक दिवस खाडा करते आणि पुन्हा सकाळपासून सुरुवात करते. कोंबडीचा खरा ताल हा, आणि तो आजीच्या कानाने पकडला होता.

वहीत आणखी एक नोंद होती, आणि तिनेच मला जास्त थांबवले. ‘अंड्याच्या आधी कण्हल्यासारखा लांब आवाज काढते. सारखी फिरते. डालग्यापाशी येते, परत जाते.’ शास्त्रज्ञांनी या आवाजाला ‘गाकेल’ असे नाव दिले आहे: एक लांब, रडवा सूर आणि पाठोपाठ तुटक आखूड सूर. अंडे घालायची वेळ आली आहे आणि मनासारखी जागा मिळत नाही, अशा वेळी तो वाढतो. पिंजऱ्यात ठेवलेल्या, घरटे न मिळणाऱ्या कोंबड्यांत तो मुद्दाम मोजला गेला आहे. कोंबडी अडली आहे हे ओळखण्याची ती एक खूण ठरते. मी मुलीला विचारले, “डालग्याची जागा बदललीत का?” तिला आठवेना. दुसऱ्या दिवशी येऊन सांगितले, की पावसाचे पाणी येते म्हणून काकांनी महिन्यापूर्वी डालगे पडवीतून उचलून न्हाणीच्या भिंतीशी ठेवले होते. त्यानंतर घरात अंडी कमी मिळत होती आणि दोष मुंगसाला दिला जात होता. डालगे पडवीत परत ठेवले. तांबडी त्याच दिवशी त्यात बसली नाही, तिसऱ्या दिवशी बसली. मुंगसाची निर्दोष सुटका झाली असे मात्र नाही. कुंपणाच्या करवंदीत फुटकी कवचे सापडलीच. कोंबडी तेथे जाऊन अंडी घालत होती आणि मुंगूस ती खात होते.

म्हणजे अंड्याच्या आधीही कोंबडी ओरडते. मुलीने आपले वाक्य वहीत स्वतः खोडून दुरुस्त केले.

कोंबडीच्या आवाजांना अर्थ असतो याचे आणखी पुरावे आहेत. पिल्लांसह फिरणारी कोंबडी दाणा सापडला की टुकटुक आवाज काढते आणि पिल्ले धावत येतात. आकाशात घार दिसली तर कोंबडा एक लांब, बारीक सूर काढतो. जमिनीवरून कुत्रा किंवा मांजर आले तर तुटक, ठणठणीत कलकलाट करतो. ख्रिस इव्हान्स आणि पीटर मार्लर यांच्या गटाने 1993 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कोंबड्यांना शत्रू मुळीच दाखवला नाही, फक्त ध्वनिक्षेपकावर हे सूर ऐकवले. घारीचा सूर ऐकताच कोंबड्या आडोशाला धावल्या, दबल्या आणि वर पाहू लागल्या. कुत्र्या-मांजराचा सूर ऐकताच मान ताठ करून आजूबाजूला पाहू लागल्या. सूर नुसती भीती सांगत नव्हता, भीती कोठून येते आहे तेही सांगत होता.

आणि याच इव्हान्सने कोंबड्यांना कार्टून दाखवले! संगणकावर काढलेली, पंख पसरलेल्या शिकारी पक्ष्याची हलती आकृती त्याने कोंबड्यांच्या डोक्यावर टांगलेल्या पडद्यावर फिरवली. आकृती पुरेशी मोठी आणि वेगवान असली, की ते घाबरून घारीचा सूर काढीत. कोंबडीच्या डोळ्याला माणसाच्या डोळ्यापेक्षा जलद लुकलुक कळते. आपल्याला सेकंदाला पन्नास-साठ वेळा लुकलुकणारा दिवा स्थिर वाटतो. उजेड भरपूर असेल तर कोंबडीला सेकंदाला 75 ते 100पर्यंतची लुकलुक दिसते. जुन्या चित्रपटगृहात प्रत्येक चित्र दोनदा झळकवून सेकंदाला 48 झळकण्या करीत. फिल्मवरचे ते ससे आणि त्या गाणाऱ्या कोंबड्या एखाद्या खऱ्या कोंबडीला दाखवल्या असत्या, तर तिला पडदा सारखा फडफडताना दिसला असता.

कोंबड्याच्या आरवण्याबद्दलही एक सांगून टाकते, कारण मुलांनी विचारलेच. ‘कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही’ ही म्हण तुम्हांला ठाऊक आहे. जपानमधील नागोया विद्यापीठात शिम्मुरा आणि योशिमुरा यांनी 2013 साली कोंबड्यांना सतत मंद उजेडात ठेवले, म्हणजे एका अर्थी झाकलेच. तरीही ते रोज ठरावीक वेळी आरवत राहिले. त्यांचे आतले घड्याळ 24 तासांपेक्षा किंचित पुढे धावत होते इतकेच. तेव्हा झाकलेला कोंबडाही उजाडण्याच्या सुमारास बोलतोच.

आता तुम्ही करायचे काम. जुन्या वहीच्या कोऱ्या पानांचे 24 सारखे तुकडे कापा आणि एका कडेला टाचणी मारा. पहिल्या तुकड्यावर कोंबडीची मान वर, सातव्यावर खाली, तेराव्यावर पुन्हा वर, एकोणिसाव्यावर खाली काढा आणि मधली चित्रे भरा. अंगठ्याखालून एका सेकंदात सगळी पाने सोडली, की 120च्या लयीच्या दोन मात्रा झाल्या. शेजारच्या मित्राला दर मान-खालीला टेबलावर टिचकी मारायला सांगा. मग त्याला टिचकी मुद्दाम जरा उशिरा मारायला सांगा, नंतर जरा आधी. किती उशीर चालतो आणि किती घाई खटकते, हे चार जणांवर तपासून तक्ता करा. आमच्या वर्गात या तक्त्यावरून भांडण झाले. तबला शिकणाऱ्या दोघांना इतरांपेक्षा फार लवकर खटकत होते, आणि त्यांची नोंद धरायची की नाही यावर वर्गात दोन तट पडले. शेवटी त्यांचा तक्ता वेगळा केला. ज्यांच्या घरी किंवा शेजारी कोंबड्या आहेत त्यांनी एक कोंबडी निवडून कलकलाटाची वेळ आठवडाभर नोंदवावी. घड्याळ नसले तरी चालेल, नळाच्या पाण्याची वेळ लिहा.